घराची किंमत आणि घरमालकाच्या मनातला आकडा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं आहेत.)

मी गेली सव्वीस वर्षं पुण्यात जुन्या घरांचे, म्हणजे ज्याला आपण रीसेल म्हणतो त्याचे, व्यवहार करतो. साध्या भाषेत, एजंट. (हशा) हसा, हसा. एजंट व्याख्यान द्यायला आला म्हणजे शेवटी व्हिजिटिंग कार्ड वाटणार, असं वाटत असेल. कार्डं आणलेली नाहीत.

आजचा विषय असा, की माणसं आपलं घर बाजारात ज्या किमतीला विकलं जाईल त्यापेक्षा पंधरा-वीस-तीस टक्के जास्त का सांगतात, समोरचा समजावत असताना का ऐकत नाहीत, आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजतो. विषय पैशाचा वाटतो, पण मला तो पैशामुळे महत्त्वाचा वाटत नाही. एका घराची गोष्ट सांगतो, म्हणजे लक्षात येईल.

कोथरूडच्या बाजूला, पस्तीस वर्षांची जुनी इमारत. तीन मजले, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके. काका बहात्तर वर्षांचे, काकू अडुसष्टच्या. दोघांचेही गुडघे कुरकुरायला लागलेले. मुलगा बाहेरगावी. ठरवलं, की हे विकायचं आणि त्याच भागात लिफ्टच्या इमारतीत जायचं. निर्णय अगदी योग्य होता आणि वेळेवर घेतलेला होता. मला बोलावलं. मी घर पाहिलं, कागद पाहिले आणि म्हटलं, "काका, नव्वदच्या आसपास जाईल. ब्याण्णव-त्र्याण्णव सांगू, नव्वदला बसेल."

काका म्हणाले, "अहो, काय बोलताय? एक कोटी वीस लाखांच्या खाली मी बोलणारच नाही."

मी विचारलं, "एक-वीस कुठून आले?" हा प्रश्न मी प्रत्येक घरमालकाला विचारतो, कारण आकडा आकाशातून पडत नाही. प्रत्येक आकड्याला एक पत्ता असतो. काकांच्या आकड्याला चार पत्ते होते.

पहिला पत्ता समोरच्या नव्या स्कीमचा. तिथे बिल्डर साडेचौदा हजार रुपये फूट सांगत होता. काकांच्या जुन्या करारनाम्यात ८३० फूट लिहिलेलं. ८३० गुणिले १४,५०० म्हणजे एक कोटी वीस लाख पस्तीस हजार. वरचे पस्तीस हजार काकांनी मोठ्या मनानं सोडून दिले. (हशा) आता यात चूक कुठे आहे? काकांचे ८३० फूट हे बिल्टअप. भिंती, बाल्कनी सगळं धरून. समोरच्या स्कीमचा दर कार्पेटवर. २०१७ मध्ये रेरा कायदा पूर्णपणे लागू झाल्यापासून नव्या प्रकल्पातली घरं कार्पेट क्षेत्रफळावरच विकावी लागतात. काकांचं कार्पेट मोजलं तर ६९० भरलं. ६९० गुणिले १४,५०० म्हणजे एक कोटी. वीस लाख नुसत्या मोजमापात गेले. आणि हा एक कोटी कशाचा? नव्या इमारतीचा, लिफ्टचा, खाली बंदिस्त पार्किंगचा. पस्तीस वर्षांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जिना चढून जाणाऱ्या घराला तो दर कोण देईल? तिथे आपण नव्वदवर येतो.

दुसरा पत्ता शेजाऱ्याचा. "खालचं घर सव्वा कोटीला गेलं." कोणी सांगितलं? सोसायटीत सगळे म्हणतात. मी सूची क्रमांक दोन काढली, म्हणजे इंडेक्स टू. नोंदलेला व्यवहार ९७ लाखांचा होता. तळमजला, स्वतंत्र पार्किंग, पुढे थोडी मोकळी जागा. विकणारा माणूस कट्ट्यावर सव्वा कोटी सांगतो, तो काही खोटं बोलावं म्हणून बोलत नाही. त्यानं सुरुवातीला सव्वा कोटी सांगितले होते, आणि तोच आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला.

तिसरा पत्ता गरजेचा. काकांनी पाहून ठेवलेलं लिफ्टचं घर एक कोटी पंधरा लाखांना होतं. "मला तिकडे एवढे द्यायचेत, वर स्टॅम्प ड्युटी, मग इकडून एवढे यायलाच हवेत ना?" काका, तुम्हाला काय हवंय याच्याशी घेणाऱ्याचा संबंध काय? तुम्ही मंडईत जाता, भाजीवाली म्हणाली, मला मुलीची फी भरायचीय म्हणून मेथीची जुडी ऐंशी रुपये, तर तुम्ही द्याल का? सहानुभूती वाटेल, आणि पुढच्या गाळ्यावर जाल.

चौथा पत्ता मनाचा. या घरात मुलगा लहानाचा मोठा झाला, काकूंनी हौसेनं सागवानी कपाटं करून घेतली, स्वयंपाकघर नवीन केलं त्याला सहा लाख लागले. घेणारा येतो आणि पहिल्यांदा म्हणतो, "हे सगळं तोडून मॉड्युलर करावं लागेल." म्हणजे ज्याचे तुम्ही सहा लाख वाढवलेत, त्याचे तो तोडण्याच्या खर्चासकट वजा करतोय.

हे फक्त पुण्यातच होतं असं नाही, आणि याला मूर्खपणा म्हणणंही बरोबर नाही. यावर शास्त्रशुद्ध काम झालेलं आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले. ज्यांना मग मिळाला त्यांना विचारलं, किती रुपयांना, म्हणजे तिकडे डॉलरला, विकाल? ज्यांना मिळाला नाही त्यांना विचारलं, कितीला घ्याल? मग तोच, वर्ग तोच. विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. मग हातात येऊन थोडाच वेळ झालेला! आपण तर घरात पस्तीस वर्षं राहिलेलो असतो. पुढे कानेमनना २००२ मध्ये आणि थेलरना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरं काम थेट घरांवरचं आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात फ्लॅटच्या किमती बऱ्याच पडल्या होत्या. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी त्या काळातले विकणारे अभ्यासले आणि २००१ साली निष्कर्ष मांडले. ज्यांनी महाग घेतलं होतं आणि आता तोट्यात विकावं लागणार होतं, त्यांनी सांगितलेली किंमत इतरांपेक्षा जास्त होती. किती जास्त? घेतलेली किंमत आणि आताची अपेक्षित किंमत यातल्या फरकाच्या २५ ते ३५ टक्के. म्हणजे तोटा दहा लाखांचा होणार असेल, तर हे अडीच ते साडेतीन लाख वाढवून सांगत होते. प्रत्यक्षात वाढीव मिळाले किती? त्या फरकाच्या ३ ते १८ टक्के. थोडं मिळालं, हे खरं आहे. पण त्यांची घरं विकली जाण्याचा वेग इतरांपेक्षा खूपच कमी होता. आणि स्वतः राहणारे मालक हे गुंतवणूकदारांपेक्षा जास्त अडून बसत होते. म्हणजे ज्याला बदल जास्त गरजेचा, तोच जास्त अडला.

आता घेणाऱ्याच्या बाजूनं बघू, कारण काकांचं पुढचं वाक्य असं होतं, "ज्याला आवडेल तो देईल." आवडणं एक आणि देता येणं दुसरं. आज मध्यमवर्गीय माणूस घर घेतो तो बहुतेक वेळा कर्ज काढून. बँक स्वतःचा व्हॅल्युअर पाठवते. करारातली रक्कम आणि व्हॅल्युएशन यातली जी कमी असेल ती धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देता येतं.

काकांच्या घराचं व्हॅल्युएशन नव्वद धरा. कर्ज मिळणार ७२ लाख. व्यवहार नव्वदला झाला तर घेणाऱ्यानं खिशातून घालायचे १८ लाख. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह ७ टक्के, म्हणजे सहा लाख तीस हजार. घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. नोंदणी फी तीस हजार. एकूण २४ लाख ६० हजार. आता समजा त्याला घर फारच आवडलं आणि तो एक कोटी दहा लाखांना तयार झाला. कर्ज तेवढंच, ७२ लाख. खिशातून ३८ लाख, मुद्रांक शुल्क सात लाख सत्तर हजार, नोंदणी तीस हजार. एकूण ४६ लाख. किंमत वाढली वीस लाखांनी, पण त्या तरुण जोडप्याला रोकड लागली साडेचोवीसच्या जागी शेहेचाळीस लाख. ते कुठून आणणार? आणि ज्याच्याकडे शेहेचाळीस लाख रोकड आहे, तो लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर कशाला येईल? तो समोरच्या नव्या स्कीममध्ये जाईल. जास्त किंमत लावली की असं होतं. ज्याला घर परवडतं त्याला ते नको असतं आणि ज्याला हवं असतं त्याला परवडत नाही.

तर काकांनी १ कोटी २० लाखांना घर बाजारात काढलं. आणि मी काय केलं? इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं. मी म्हणायला हवं होतं, "काका, या किमतीला मी काम घेत नाही." मी म्हटलं, "बघू प्रयत्न करून." का? कारण मी नाही म्हटलं असतं तर दुसरा एजंट बसलेलाच होता, तो म्हणाला असता, "काका, एक-वीस काय, एक-पंचवीस आणून देतो." आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. घर हातात यावं म्हणून मालकाला आवडेल तो आकडा सांगायचा आणि मग दर महिन्याला त्याला खाली आणायचं. तेव्हा तीन एजंट बोलावले आणि सगळ्यात मोठा आकडा सांगणाऱ्याला काम दिलं, तर तो सगळ्यात हुशार असेलच असं नाही. बहुतेक वेळा तो सगळ्यात गरजू असतो.

घर बाजारात आल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे सगळ्यात मोलाचे असतात. त्या भागात घर शोधणारी काही कुटुंबं आधीपासून तयार असतात. बँकेचं पत्र घेऊन, बजेट ठरवून. ती रोज नवीन काय आलं ते बघतात. काकांच्या घराला पहिल्या महिन्यात अकरा जण येऊन गेले. तिसऱ्या आठवड्यात एक शिक्षक जोडपं आलं. त्यांना घर मनापासून आवडलं, आणि त्यांनी ८८ सांगितले. मी काकांना फोन केला, "काका, हे नव्वदपर्यंत येतील. बसू या." काका म्हणाले, "सुरुवातच अठ्ठ्याऐंशीनं झाली म्हणजे पुढं वाढतच जाणार. थांबू." त्या जोडप्यानं पंधरा दिवसांनी पुढच्याच गल्लीत विसार दिला. त्यानंतर दहा महिने काकांच्या घराला एकही लेखी ऑफर आली नाही.

का आली नाही? कारण तयार असलेली कुटुंबं बघून गेली होती. नवीन येणारा विचारायचा, "हे घर वर्षभर का पडून आहे? गळती आहे का? भावाभावांत केस आहे का?" त्यात काकांनी वैतागून आणखी पाच एजंटांना घर दिलं. इंटरनेटवर तेच घर एक-वीस, एक-पंधरा, एक कोटी बावीस अशा तीन किमतींना झळकत होतं. घेणारा हे बघतो आणि सगळ्यात खालच्या आकड्यापासून आणखी खाली मोजायला लागतो. काकांनी मग किंमत उतरवली. एकदम नाही, दोन-दोन लाखांनी. एक-अठरा, एक-सोळा, एक-चौदा. उतरणारा आकडा बघून घेणारा म्हणतो, थांबलो तर अजून उतरेल.

आणि एक गोष्ट कोणी मालकाला सांगत नाही, ती मी आज सांगतो. महाग लावलेलं घर आम्हा एजंटांच्या फार कामाचं असतं. गिऱ्हाइकाला आधी काकांचं घर दाखवायचं, एक-वीस. मग पुढच्या गल्लीतलं दाखवायचं, ब्याण्णव. गिऱ्हाईक दुसऱ्या घरातच टोकन काढतं. काका दर रविवारी घर आवरून, चहा ठेवून बसत होते, आणि त्यांचं घर शेजाऱ्याचं घर विकायला मदत करत होतं.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, की हा एजंट, याला लवकर विकलं जाण्यात रस. बरोबर आहे तुमची शंका. आकडाच मांडतो. माझी दलाली एक टक्का धरा. तुमच्या घराचे पाच लाख जास्त आले तर मला पाच हजार जास्त मिळतात. त्या पाच हजारांसाठी मी आणखी दोन महिने धावपळ का करू? मला तर आजच व्यवहार झालेला बरा. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या आसपासचे सुमारे एक लाख घरव्यवहार तपासले. २००८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एजंट जेव्हा स्वतःचं घर विकतात तेव्हा काय होतं, हे त्यांनी पाहिलं. एजंटांची स्वतःची घरं ३.७ टक्के जास्त किमतीला गेली आणि साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहिली. म्हणजे स्वतःचं घर असलं की आम्ही थोडे जास्त थांबतो. तुमचा संशय शास्त्रानं खरा ठरवलाय.

पण तोच अभ्यास दुसऱ्या बाजूनं वाचा. ज्या माणसाला बाजार आतून-बाहेरून माहीत आहे आणि ज्याचा स्वतःचा पैसा आहे, तो किती थांबतो? साडेनऊ दिवस. किती जास्त मिळवतो? पावणेचार टक्क्यांच्या आत-बाहेर. नव्वद लाखांवर सव्वातीन लाख. तेव्हा एजंटवर आंधळा विश्वास ठेवू नका, हे मीच सांगतो. पण त्याच्यावर विश्वास नाही म्हणून तीस टक्के वाढवून दोन वर्षं बसायचं, याला कशाचाच आधार नाही.

एजंटचं म्हणणं तपासायचं कसं? त्याला विचारा, गेल्या वर्षभरात याच इमारतीत, नाहीतर याच गल्लीत झालेले तीन व्यवहार दाखव. जाहिरातीतले नकोत, नोंदलेले हवेत. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे इंडेक्स टू बघता येते. त्यात मोबदला, क्षेत्रफळ, तारीख सगळं असतं. तुमचं तुम्हालाही बघता येतं, नातवाला बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. क्षेत्रफळ कार्पेट लिहिलंय की बिल्टअप, ते बघा. आणि त्यात 'बाजारभाव' म्हणून जो दुसरा आकडा असतो, तो रेडी रेकनरवरून काढलेला, मुद्रांक शुल्कासाठीचा असतो. त्या आकड्याला घर विकलं गेलं असं समजू नका.

मग त्या तीन व्यवहारांतून आपल्या घराशी वजाबाकी-बेरीज करा. मजला, लिफ्ट, पार्किंग, इमारतीचं वय. कागद पूर्ण आहेत का, शेअर सर्टिफिकेट नावावर आहे का, सोसायटीचं कन्व्हेअन्स झालंय का. जो आकडा येईल त्याच्यावर तीन-चार टक्के ठेवून बाजारात या. घासाघीस आपल्याकडे होणारच, तेवढी जागा लागते. आणि घर काढायच्या आधी, मन शांत असताना, घरातल्या सगळ्यांनी बसून दोन गोष्टी कागदावर लिहा. एक, कितीच्या खाली विकायचं नाही. दोन, किती आठवड्यांनी, काय झालं नाही तर, किंमत उतरवायची. माझा ठोकताळा सांगतो. महिनाभरात लोक बघायलाच येत नसतील, तर सांगितलेला आकडा बराच जास्त आहे. लोक येतायत, आवडलं म्हणतायत, पण कोणी आकडा बोलत नाही, तर थोडा जास्त आहे. उतरवायची तर एकदाच, ठसठशीत. पन्नास-पन्नास हजारांनी उतरवणं म्हणजे शेपूट चिरून काढण्यासारखं. दुखतं रोज आणि होत काही नाही.

रिकाम्या घराचा हिशेब तर आणखी कडक असतो. आई-वडिलांच्या मागे राहिलेला फ्लॅट, तीन भावंडं, एक पुण्यात, एक नाशिकला, एक बंगळूरला. असे व्यवहार दर महिन्याला येतात. तिथे किंमत ठरते ती तिघांत जो सगळ्यात जास्त मागतो त्याच्या मनासारखी, कारण बाकीच्या दोघांना वाईटपणा नको असतो. समजा घर ऐंशी लाखांचं आहे आणि ते एक कोटीला लावून दीड वर्ष बंद ठेवलं. ऐंशी लाखांवर सात टक्क्यांनी दीड वर्षाचं व्याज, कर सोडून, आठ लाख चाळीस हजार. मेंटेनन्स महिना तीन हजार, म्हणजे चोपन्न हजार. मिळकतकर वेगळा. नऊ लाख गेले. दीड वर्षानं ते घर नव्वदला विकलं तर भावंडं पेढे वाटतात, दहा लाख जास्त आले म्हणून. आले एक लाख, फार तर.

आता काकांच्या घराचं काय झालं? तेवीस महिन्यांनी ते ९१ लाखांना गेलं. पहिल्या महिन्यात नव्वदला जात होतं. लाखभर जास्त मिळाले. ज्या लिफ्टच्या घरासाठी हे सगळं चाललं होतं, ते एक कोटी पंधराचं घर तर केव्हाच गेलं. त्याच इमारतीतलं तसलंच दुसरं आता एक कोटी अठ्ठावीस सांगत होते. शेवटी त्यांनी जरा लांब, एक खोली कमी असलेलं घर घेतलं. लिफ्ट होती.

पण हे मी पैशासाठी सांगत नाहीये. त्या तेवीस महिन्यांत काका घसरून पडले. खुब्याचं हाड. दवाखान्यात न्यायला आणि आणायला चार माणसं लागायची, खुर्चीत बसवून तीन मजले. पुढे काका खाली उतरेनासेच झाले. सकाळचं फिरणं, कट्ट्यावरचे मित्र, वाचनालय, सगळं तीन मजल्यांखाली राहिलं. गॅलरीतून खाली बघत बसायचे. मी गिऱ्हाईक घेऊन गेलो की विचारायचे, "काय म्हणतायत ते?" नव्या घरात गेल्यावर रोज संध्याकाळी काकू त्यांना व्हीलचेअरवर खाली बागेत न्यायच्या. काका त्या घरात आठ महिने राहिले.

मी भेटायला गेलो तेव्हा काकू मला काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा जरा जोरात सांगायला हवं होतं हो."

तेव्हापासून मी जोरात सांगतो. लोक रागावतात, दुसऱ्या एजंटकडे जातात, जाऊ देत. पहिल्या भेटीत मी आता किमतीच्या आधी विचारतो, "घर विकून तुम्हाला काय करायचंय?" लिफ्टच्या घरात जायचंय, मुलीजवळ राहायला जायचंय, कर्ज फेडायचंय, भावंडांत वाटणी करायचीय. जे असेल ते एका कागदावर सगळ्यात वर लिहायला लावतो आणि त्याच्याखाली आकडा. मग ऑफर आली की तो कागद काढायचा आणि विचारायचं, या आकड्यात वरची ओळ होते का? होत असेल, तर उरलेले दोन-तीन लाख कशासाठी अडवून धरलेत, ते घरातल्यांना नीट सांगता आलं पाहिजे. सांगता आलं तर जरूर थांबा.



प्रश्नोत्तरं

प्रश्न: इंडेक्स टूमध्ये दिसतो तो आकडा खरा कशावरून? रोखीचा भाग त्यात येत नाही ना?

उत्तर: काही व्यवहारांत हे होतं, नाकारत नाही. पण घेणारा कर्ज काढतो तेव्हा त्याला करारात जास्तीत जास्त आकडा हवा असतो, त्यामुळे कर्जाचे व्यवहार बऱ्यापैकी खरे असतात. तेच बघा. आणि स्वतः रोखीच्या फंदात पडू नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर आयकर कायद्यानं तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

प्रश्न: आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा आहे. मग थांबायला नको का?

उत्तर: चर्चा कुठपर्यंत आलीय त्यावर आहे. विकसकाबरोबरचा करार नोंदला गेला असेल, तर तुमचं घर म्हणजे वेगळीच वस्तू झाली, तिची किंमत वेगळी काढू. पण नुसता जनरल बॉडीत विषय निघालाय, दोन बिल्डर येऊन गेलेत, एवढंच असेल तर घेणारा त्याचे पैसे देत नाही. ठरावापासून चावी मिळेपर्यंत वर्षं जातात आणि मधे भाड्याच्या घरात राहावं लागतं. तुमचं वय आणि तब्येत तेवढं थांबू देते का, हे आधी बघा.

प्रश्न: टॅक्स जातो, तो किमतीत धरायला नको?

उत्तर: तुमच्या हातात काय उरेल ते बघताना जरूर धरा. सांगण्याच्या किमतीत धरून उपयोग नाही, घेणारा तुमचा कर भरत नाही. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तींना दोन पर्याय आहेत. महागाई निर्देशांक न धरता साडेबारा टक्के, किंवा तो धरून वीस टक्के. जो कर कमी येईल तो. शिवाय नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर सवलत मिळते. घर काढायच्या आधी सीएकडे एकदा जाऊन या. त्याची फी वाया जात नाही.

प्रश्न: पहिल्याच आठवड्यात मागितलेल्या किमतीजवळ ऑफर आली, तर आपण कमी सांगितलं असं नाही का?

उत्तर: हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि त्या रात्री झोप येत नाही. तीन नोंदलेले व्यवहार बघून किंमत लावली असेल, तर लवकर आलेली ऑफर म्हणजे किंमत बरोबर लागली. एकाच आठवड्यात तीन-चार जण त्याच किमतीला तयार झाले, तर मात्र थोडी कमी लागली असेल. मग त्यांच्यात बोलणी होऊ द्या, आकडा आपोआप वर जातो. खालून वर जाता येतं, मंडळी. वरून खाली येताना फार पायऱ्या असतात.